गोळी अर्धी करू नका



गेल्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेची गोष्ट. आमच्या वॉर्डातल्या विहारात बुद्धवंदना झाली, खीर वाटून झाली, मंडळी पांगली. आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक बाई उठून जवळ आल्या. सोबत त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी होती. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिशोबाचे माणूस. आमचा एक हिशोब पाहून द्या जी."

त्यांनी पिशवीतून औषधाच्या दुकानाच्या पावत्या काढल्या, गोळ्यांचे रिकामे पत्ते काढले आणि शेवटी एक प्लास्टिकची डबी काढली. डबीत ब्लेडने मधोमध कापलेल्या गोळ्या होत्या. मुलीला मिरगी आहे. डॉक्टरांनी सकाळी एक आणि रात्री एक अशा महिन्याच्या साठ गोळ्या सांगितल्या होत्या. बाईंच्याने पंचेचाळीसच घेणे होत होते. "पुऱ्या देल्या तर बावीस तारखेले सरतात. मंग मी सकाळची अर्धी देतो आन् रातची पुरी देतो. असा महिना निभते," त्या म्हणाल्या.

आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत वीस वर्षे आकडे मांडणारे. पण इतका बरोबर आणि इतका चुकीचा हिशोब आम्ही कधी पाहिला नव्हता. पंचेचाळीस गोळ्या, रोज दीड, बरोबर तीस दिवस. आकड्यात एक पैशाची चूक नाही. चूक एवढीच की मेंदूला हा हिशोब मान्य नसतो. महिन्यातून दोन-तीनदा मुलगी कोसळतच होती. पैसाही जात होता आणि रोगही राहत होता.

त्या दिवसापासून या विषयावर लिहायचे आमच्या मनात होते. ते आज लिहीत आहोत. उशीर का झाला, तेही पुढे सांगू. ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

मिरगी म्हणजे काय, आणि काय नव्हे

आपल्याकडे कोणी मिरगी म्हणतात, कोणी फेफरे, कोणी फीट, पुस्तकात अपस्मार. नावे अनेक, रोग एक. मेंदूचे काम विजेच्या बारीक संदेशांवर चालते. त्या संदेशांत एकाएकी गोंधळ उडाला की झटका येतो. कोणाचे सर्वांग झटके देते, कोणाच्या तोंडाला फेस येतो, तर कोणी नुसते काही क्षण शून्यात पाहत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा रोग आहे. योग्य औषध नियमित मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात, असेही तीच संघटना सांगते. शंभरातले सत्तर! पण गरीब देशांतल्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत औषध पोहोचतच नाही.

कारणेही आपल्या भागात जागोजागी आहेत. बाळंतपणात बाळ गुदमरले, उशिरा रडले, तर त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. डोक्यात चढलेला मलेरिया बरा झाला तरी मागे मिरगी ठेवून जाऊ शकतो, आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीला मलेरिया काय असतो ते सांगायला नको. पट्टकृमीची अंडी अस्वच्छ पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात, त्यातूनही झटके सुरू होतात. डोक्याला मार लागणे हे आणखी एक कारण. कित्येकदा कारण सापडतही नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी कशी घ्यावी, गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यावा, हे त्या शिकल्या. त्या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आम्ही हे येथे अशासाठी सांगतो की गुदमरलेले बाळ वाचवणे आणि त्याचा मेंदू वाचवणे हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. आणि हे काम आपल्याच मातीतल्या, फारसे न शिकलेल्या बायांनी करून दाखवले.

आता मिरगी काय नव्हे ते. ती भूतबाधा नव्हे, देवीचे वारे नव्हे, मागच्या जन्माचे पाप नव्हे. ती उष्ट्या पाण्याने किंवा हात लावल्याने पसरत नाही. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी खुद्द बाबासाहेबांनी चंद्रपूरला येऊन आपल्या आजोबा-आजींना दीक्षा दिली. तरी सांगायला लाज वाटते, या मुलीला पहिली दोन वर्षे मांत्रिकाकडेच नेत होते. त्यात दोन बकऱ्या गेल्या. कडूलिंबाच्या फोकांचा मार बसला तो वेगळाच. भूत उतरवण्यासाठी माणसाला मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्या प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहिले पाहिजे.

पावत्यांचा हिशोब

आता मूळ हिशोबाकडे येऊ. मुलीला दोन औषधे होती. एक लेवेटिरासिटाम, सकाळ-संध्याकाळ. दुसरे क्लोबाझाम, रात्री. दोन्ही नामांकित कंपन्यांची. पावत्यांप्रमाणे पहिली गोळी तेरा रुपयांना आणि दुसरी अकरा रुपयांना पडत होती. आम्ही वहीत दोन रकाने पाडले. डाव्या बाजूला गोळीची किंमत, उजव्या बाजूला गोळीपर्यंत पोहोचण्याची किंमत.

डावीकडे साठ गोळ्यांचे ७८० आणि तीस गोळ्यांचे ३३०, म्हणजे १,११० रुपये. उजवीकडे मायलेकींचे एसटीचे जाण्यायेण्याचे २०० रुपये, आणि तेही बायांना अर्धे तिकीट आहे म्हणून. ऑटो आणि खाणे १२०. बाईंची बुडालेली मजुरी २५०. म्हणजे ५७० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला १,६८० आणि वर्षाला २०,१६० रुपये. धानाची रोवणी, निंदण, कापणी आणि तेंदूपत्त्याचा हंगाम यांवर जगणाऱ्या विधवा बाईने हे कोठून आणावे? मुलीला तेंदूला नेता येत नाही, कारण जंगलात झटका आला तर सावरणार कोण, आणि आमच्या जंगलात वाघ काही पुस्तकातला नाही. म्हणजे एक मजुरी तशीच कमी.

हा रकाना पाहून बाई म्हणाल्या, "पैसे गोळीलेच लागतात असं वाटे. रस्त्यालेही इतके लागतात, हे काही ध्यानात नाई आलं जी."

सामान्य माणसाच्या हे ध्यानात येत नाही. बारा महिन्यांचे औषध म्हणजे बारा फेऱ्या, अशीच त्याची समजूत असते. झटके आटोक्यात असतील तर डॉक्टर तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून देऊ शकतात. विचारले पाहिजे. आपले लोक डॉक्टरपुढे उभे राहतात ते साहेबापुढे उभे राहिल्यासारखे. विचारणे हा अपमान नव्हे.

औषध महाग का असते

मिरगीची सगळीच औषधे महाग नाहीत. फिनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट हीही जुनी आणि कसोटीला उतरलेली औषधे. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की साध्या औषधाचा खर्च एका माणसामागे वर्षाला ५ डॉलर इतका कमी असू शकतो. म्हणजे आपले चार-साडेचारशे रुपये. मग आमच्या बाईला वर्षाला तेरा हजारांच्या गोळ्या का लागत होत्या?

एक कारण असे की नवी औषधे काही रुग्णांना खरेच जास्त मानवतात. विशेषतः तरुण मुलींना व्हॅल्प्रोएट देताना डॉक्टर फार जपतात, कारण गर्भावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो. म्हणून जुने ते स्वस्त आणि स्वस्त तेच घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. कोणते औषध द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील. पण "डॉक्टरसाहेब, आमची ऐपत एवढी आहे, यात बसेल असे काही आहे का?" हे आपण विचारलेच पाहिजे.

दुसरे कारण छापील नावाचे. तेच औषध, तेवढ्याच मात्रेचे, एका कंपनीचे एका भावाने आणि दुसरीचे तिप्पट भावाने मिळते. मिरगीची बरीचशी औषधे सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि त्यांच्या किमतीला वरची मर्यादा आहे. पण ही मर्यादाही घाऊक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी सरकते. २०२२ च्या एप्रिलात कंपन्यांना १०.७६ टक्के वाढ करायची मुभा मिळाली, २०२३ च्या एप्रिलात १२.१२ टक्के. चक्रवाढीने मांडून पाहा, दोन वर्षांत शंभराचे एकशे चोवीस होतात. धानाच्या मजुरीचा दर असा आपोआप सरकल्याचे आम्ही पाहिले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तेवढा दिलासा मान्य केला पाहिजे.

तिसरे कारण, आमच्या भागात मेंदूविकाराचे तज्ज्ञ मिळणे कठीण. पहिल्या तपासणीला नागपूर गाठावे लागते, आणि नागपूरच्या चिठ्ठीवरचे औषध आमच्या तालुक्याच्या दुकानात असेलच असे नाही. फिनोबार्बिटोनसारखी स्वस्त गोळी अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. तिची नोंद ठेवावी लागते, म्हणून छोटा दुकानदार ती ठेवायलाच तयार होत नाही. असा हा प्रकार, स्वस्त ते मिळत नाही आणि मिळते ते परवडत नाही.

मार्ग कोणते आहेत

पहिला मार्ग सरकारी दवाखान्याचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधे निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात मिरगीच्या रुग्णांनाही औषध मिळू शकते. पाटी वाचून पुष्कळ लोक मागे फिरतात, "आमची पोरगी काही येडी नाही" म्हणतात. मिरगी म्हणजे वेड नव्हे हे खरेच आहे, पण पाटीच्या लाजेपायी फुकटची गोळी सोडू नये.

येथे एक अनुभव सांगितला पाहिजे. एका सरकारी दवाखान्यात, नाव घेत नाही, आम्ही मायलेकींना घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "साठा संपला, पुढच्या महिन्यात या." मिरगीच्या रोग्याला पुढच्या महिन्यात या म्हणणे म्हणजे बुडणाऱ्याला उद्या दोर देतो म्हणण्यासारखे आहे. अशा वेळी भांडू नका, लिहा. औषधाचे नाव, तारीख आणि मिळाले नाही ही गोष्ट, असा तीन ओळींचा अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्याला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रुग्ण कल्याण समितीवर आपल्या गावचे कोणी असेल तर त्याला ती प्रत दाखवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच घेतलेला अर्ज फायलीला लागतो. आम्ही कारकून आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा.

दुसरा मार्ग जनऔषधी केंद्राचा. ही योजना २००८ साली सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीअखेर देशात अशी १५,००० केंद्रे झाली. बाईंच्या दोन्ही औषधांची महिन्याची पावती तेथे चारशेच्या आत बसली. वर्षाचे ४,८०० धरा, वर्षाच्या चार फेऱ्यांचे २,२८० धरा, एकूण ७,०८० रुपये. वीस हजारांवरून सात हजारांवर. वर्षाला तेरा हजार वाचले!

मात्र मिरगीच्या औषधात एक पथ्य आहे. कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगून बदलावी, आणि एकदा बदलली की तीच चालू ठेवावी. या महिन्यात ही, पुढच्या महिन्यात ती, असे करू नये. काही रुग्णांना तेवढ्या फरकानेही झटका येऊ शकतो.

तिसरा मार्ग योजनांचा, पण त्यांच्या मर्यादाही माहीत हव्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्यात भरती झालेल्यांच्या उपचारासाठी आहे. रोजच्या गोळीचे पैसे त्यातून मिळत नाहीत. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्याच्या यादीत मिरगीचे नाव घेतलेले नाही. पण ज्या लेकराला मेंदूचा पक्षाघात किंवा मतिमंदत्व आहे आणि सोबत मिरगीही आहे, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण असून बाहेरून घ्यायच्या औषधांचाही खर्च धरला जातो. आपल्या वस्तीत असे लेकरू असेल तर चौकशी जरूर करा.

आमची चूक

आता उशिराचे कारण. जूनमध्ये आम्ही हा हिशोब मांडला आणि मनातून फुगलो. तेरा हजार वाचवले! कचेरीत चार जणांना सांगितले. मुलीचे झटकेही थांबले, कारण आता ती पुऱ्या गोळ्या घेत होती. तेव्हाच लेख लिहिला असता तर त्यात आमचीच वाहवा असती.

जुलैच्या शेवटी, रोवणीच्या ऐन घाईत, बाईंचा फोन आला. केंद्रात लेवेटिरासिटाम संपले होते, माल चार दिवसांनी येणार होता. "भाऊ, बाजूच्या दुकानातून महागाची घेऊ का?" आम्ही टेबलावरच्या फायलीत मान घातलेली. म्हटले, "ताई, कशाला जास्तीचे पैसे घालता? चार दिवसांचाच प्रश्न आहे. दुसरी गोळी चालू आहे ना? थांबा थोडे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी चुलीसमोर बसली असताना झटका आला. डावा हात चुलीत गेला. बाई रोवण्यावर होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी ओढून काढले म्हणून तोंड वाचले. पंधरा दिवस मलमपट्टी चालली. हात बरा झाला, पण मनगटापासून कोपरापर्यंत डाग राहिला आहे.

चार दिवसांच्या आठ गोळ्या. तेरा रुपयांप्रमाणे १०४ रुपये. एवढे आम्ही वाचवले होते.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं भाऊ, तुम्ही तर आमच्यासाठीच करता." ते ऐकून मान वर करवेना. मुलगी मात्र खरे बोलली. म्हणाली, "काका, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. एक गोळी चुकली की दुसऱ्याच दिवशी माझ्या डोक्यात कसंतरी होते. मला कोणी विचारतच नाही."

खरेच होते. तिच्या रोगाबद्दल आई बोलत होती, आम्ही बोलत होतो, दुकानदार बोलत होता. जिचा रोग तिला कोणी विचारले नव्हते. समाजकार्य करणाऱ्यांना हा दोष लवकर लागतो. दुसऱ्याचे भले आपल्यालाच कळते असे वाटू लागते. आम्ही तिची माफी मागितली. वाचकांपुढे पुन्हा मागतो.

तेव्हापासून तिच्या घरी एक नियम आहे, आणि तो प्रत्येक मिरगीच्या घरी असावा. दहा दिवसांच्या गोळ्या नेहमी बाजूला ठेवलेल्या. कचेरीत राखीव निधी असतो तशा. चालू पत्ता संपला की राखीव पत्ता काढायचा आणि त्याच दिवशी नव्याची सोय करायची. महाग मिळाली तरी घ्यायची, पण खंड पडू द्यायचा नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तशा भागातल्या लोकांनी तर पाऊस लागण्याआधीच दोन महिन्यांचे औषध घरात आणून ठेवावे. औषध एकाएकी थांबले तर झटक्यामागून झटका येऊन जिवावर बेतू शकते. दोन वर्षे एकही झटका आला नाही तर औषध कमी करायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. तेही हळूहळू. आपण ठरवायचे नाही.

आणि झटका आलाच तर? माणसाला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, विस्तव, पाणी आणि टोकदार वस्तू दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्याचा काहीही उपयोग नाही. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

लग्नाचा प्रश्न

बाईंनी एकदा हळूच विचारले, "भाऊ, सोयरिकीत सांगायचं का लपवायचं?" हा प्रश्न गोळीच्या किमतीशी जोडलेला आहे. लपवलेला रोग म्हणजे लपवून खाल्लेली गोळी, आणि लपवून खाल्लेली गोळी एक ना एक दिवस चुकते.

हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्यात मिरगीचे वारंवार झटके येणे ही लग्नाला आडवी येणारी बाब म्हणून लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. मिरगी आहे म्हणून कायद्याने लग्नाला आज आडकाठी नाही. कायदा सुधारला, आता आपण सुधारायचे आहे. आमचे उत्तर असे, सांगायचे. औषध चालू आहे, झटके थांबले आहेत, हे कागद दाखवून सांगायचे. ऐकून जे मागे फिरतील ते बरेच झाले म्हणायचे. मूल हवे असेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचे. पण त्याच्याही आधी मुलीला शिकू द्यायचे. ही मुलगी यंदा बारावीची परीक्षा बाहेरून देत आहे.

जयंतीची वर्गणी

गेल्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आम्ही चार-पाच गावांचे कार्यकर्ते एकत्र बसलो आणि ही हकीकत सांगितली. ऐकता ऐकता प्रत्येकाला आपल्या गावातले एखादे घर आठवले. कोणाचा भाचा, कोणाची शेजारीण. सगळ्यांची कथा तीच, गोळी अर्धी.

मार्चमध्ये आमच्या विहारात जयंतीची सभा झाली. आम्ही प्रस्ताव मांडला की डीजे दोन दिवसांऐवजी एक दिवस लावावा आणि वाचलेल्या ९,००० रुपयांचा औषध निधी करावा. पोरे उसळली. "वर्षातून एकदा बाबासाहेबांची जयंती येते, तिथंच काटकसर का?" त्यांचेही चुकत नव्हते. ज्यांना वर्षभर मान खाली घालून राबावे लागते त्यांना एक दिवस ताठ मानेने नाचावेसे वाटते. आम्ही गप्प झालो. तेव्हा त्याच आजी उठल्या, ज्यांनी मुलीला चुलीतून ओढले होते. म्हणाल्या, "बाबासायेबाच्या नावानं एका लेकराची गोळी आली, तं जयंती लहान होते का रे?"

बाबासाहेब आणि माता रमाई यांची पाचांपैकी चार लेकरे लहानपणीच गेली. औषधपाण्याच्या वेळी घरात पैसा नसणे म्हणजे काय, हे त्या घराने भोगलेले आहे. आणि भगवान बुद्धांची ती कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पोटाच्या रोगाने आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून निजवले आणि संघाला विचारले की आपणच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आईबाप मागे सोडून आलेल्या भिक्खूंना केलेला तो प्रश्न आज आपल्या वस्त्यांनाही लागू आहे.

ठराव मंजूर झाला. पोरांनीच वही तयार केली. नियम सोपे आहेत. आम्ही औषध साठवत नाही, वाटत नाही, तो आमचा अधिकार नव्हे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाची पावती पाहून फक्त कमी पडणारी रक्कम देतो. सरकारी दवाखान्यात मिळत असेल तर आधी तेथे पाठवतो, आणि न मिळाल्यास अर्ज लिहून देतो. रुग्णाचे नाव सभेत वाचले जात नाही. हिशोब मात्र दर पौर्णिमेला वाचला जातो. वहीच्या पहिल्या पानावर पहिली जमा आमच्या नावची आहे, १०४ रुपये. ती रक्कम का, हे फक्त तिघांना माहीत होते. आता तुम्हा सर्वांना माहीत झाले.

मुलीला ऑगस्टपासून झटका आलेला नाही. पुढे येणारच नाही, असे आम्ही लिहिणार नाही. पण ब्लेडने गोळ्या कापायची ती डबी बाईंनी विहारात आणून दिली आहे. तिच्यात आम्ही निधीची सुटी नाणी ठेवतो.

आपल्या गावात, आपल्या वॉर्डात अशी डबी कोणाच्या घरी आहे का, एवढे पाहा. आणि विचारताना आधी त्या लेकरालाच विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!